आरव्हीचा डिझेल जनरेटर सुरू करताना धूर येतोय? आधी घड्याळ बघा, रंग नंतर

ऑक्टोबर महिना, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीचं बलून फिएस्टाचं, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांच्या जत्रेचं मैदान, आमची आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) तिथे उभी, पहाटेचे साडेपाच. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. आईला चहा हवा होता, इंडक्शन लावायचं म्हणून मी जनरेटरचं बटण दाबलं, तर तो खडखड खडखड करत सुरू झाला आणि खालून पांढऱ्या धुराचा असा लोट आला की शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा टॉर्च घेऊन बाहेर, त्यांना वाटलं आग लागली. आई खिडकीतून म्हणाली, काय रे, चुलीत ओली लाकडं घातलीस का? चाळीसेक सेकंदांत धूर गेला, खडखड थांबली, इंजिन शहाण्या बाळासारखं चालायला लागलं. मीपण म्हटलं, चला, गरम झालं की बरं होतंय ना, मग काही नाही.

तिथेच चुकलं. पुढचे पाच महिने मी फिल्टर बदल, डिझेलमध्ये औषध ओत, नवे ग्लो प्लग टाक असले उद्योग केले, एका वर्कशॉपने इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि पंप मिळून अठराशे डॉलरचं एस्टिमेट दिलं, आणि शेवटी दुखणं निघालं एका गंजलेल्या अर्थिंगच्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या कडीत. खर्च चौदा डॉलर. आईचं ओल्या लाकडांचं निदान मात्र पहिल्याच मिनिटाला बरोबर होतं: जळण आहे, पण पेटायला ऊब नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, अमेरिकेत जुनी आरव्ही घेऊन फिरणारे आपले बरेच लोक आहेत आणि धूर दिसला की सगळे डायरेक्ट इंजेक्टरवरच घसरतात.

आधी मशीन काय आहे ते थोडक्यात. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये, म्हणजे ज्याला डिझेल पुशर म्हणतात त्यात, जनरेटर बहुतेक वेळा पुढच्या नाकाडाखाली एका सरकत्या ट्रेमध्ये असतो. बहुतांश गाड्यांत ओनान कंपनीचा, आणि त्यातल्या नेहमीच्या साइजमध्ये आतलं इंजिन कुबोटाचं. डिझेल गाडीच्याच मेन टाकीतून येतं, पण जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम आखूड ठेवलेली असते, टाकी साधारण पाव राहिली की जनरेटरला डिझेल मिळत नाही. म्हणजे रात्रभर एसी चालवून तुम्ही जंगलात अडकू नये अशी सोय. आणि स्टार्टरला करंट बहुतेक गाड्यांत हाउस बॅटरीतून, म्हणजे राहायच्या भागातले दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीतून मिळतो, गाडीच्या इंजिनाच्या बॅटरीतून नाही. या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे सगळ्यांना माहितीय. पिस्टन हवा दाबतो, या छोट्या इंजिनांत साधारण बावीस-तेवीस पट, त्या दाबाने हवा पाचशे डिग्रीच्या वर तापते आणि मग आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण सकाळी लोखंड गार असतं, ते ही उष्णता खाऊन टाकतं. म्हणून या इंजिनांत ग्लो प्लग असतो, प्रत्येक सिलेंडरला एक, छोटा हीटर म्हणा. आमच्या गावाकडे विहिरीवर पाच एचपीचं किर्लोस्कर इंजिन होतं, त्याला असला काही लाड नव्हता, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल गरागरा फिरवायचं आणि खटका सोडायचा, की धडधड सुरू. पण त्याची बनावटच वेगळी, डिझेल थेट पिस्टनवर पडायचं. आरव्हीतल्या या इंजिनांत बाजूच्या छोट्या कप्प्यात डिझेल जळायला सुरुवात होते, तिथे थंडीत ग्लो प्लगशिवाय भागत नाही.

हात घालण्याआधी

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. डिझेलचा पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि तुम्ही तो पुन्हा पुन्हा सुरू करून बघणार आहात. सगळ्या खिडक्या बंद, आतले लोक बाहेर, वाऱ्याची दिशा बघा, आतल्या सीओ अलार्मची तारीख बघा (त्यांचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं, आमच्या गाडीत जो होता तो कधीच मेला होता आणि त्याचा दिवा मात्र हिरवा). सायलेन्सरखाली वाळलेलं गवत नको.

आणि ईथरचा स्प्रे, तो स्टार्टिंग फ्लुइडचा डबा, अजिबात नाही. ग्लो प्लग लाल झालेला असताना आत ईथर गेलं की ते वेळेआधीच पेटतं, पिस्टन किंवा रिंग तुटू शकते. पन्नास युट्युबवाले मारताना दाखवतील, ते नवीन इंजिन घेऊन देणार नाहीयेत.

घड्याळ

रंगावरून निदान सगळेच सांगतात, पांढरा म्हणजे हे, काळा म्हणजे ते. माझं म्हणणं, रंगाआधी वेळ बघा. धूर कधी येतो आणि कधी जातो यावरून अर्धं उत्तर मिळतं. मोबाइल स्टँडवर लावा, सायलेन्सरच्या तोंडावर कॅमेरा धरा आणि बटण दाबायच्या आधीपासून व्हिडिओ सुरू करा. तोंडाने बोलत राहा: बाहेर किती टेंपरेचर आहे, टाकी किती आहे, शेवटचा कधी चालवला होता, प्रीहीट (स्टार्टआधी ग्लो प्लग तापवणं) किती सेकंद दिलं. हे करायचं इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभं राहिल्यावर. दिवसाला एकच चान्स मिळतो, म्हणून नीट करा.

थंड सकाळी पाच-दहा सेकंद पांढरट धूर आला आणि गेला तर ते नॉर्मल आहे, झोपा. अर्धा मिनिट ते दोन मिनिटं पांढरा धूर, सोबत एका सिलेंडरची ठकठक किंवा सगळ्यांची खडखड, आणि मग सगळं एकदम साफ, असं असेल तर एखाद्या किंवा सगळ्याच सिलेंडरांना ऊब मिळत नाहीये. माझी केस हीच. सुरू होऊन दहा-वीस सेकंदांनी इंजिन वरखाली व्हायला लागतं, पांढरे भपकारे सोडतं आणि बंद पडतं, तर डिझेल लायनीत हवा. सुरू होताना काही नाही पण एसी लावला की काळा, तर हवा कमी किंवा लोड जास्त. आणि दहा मिनिटं चालवून, चांगलं गरम करूनही पांढरा किंवा निळा धूर जातच नसेल तर मात्र जरा काळजीचं.

दुसरी टेस्ट पुठ्ठ्याची. ॲमेझॉनच्या खोक्याचा एक तुकडा घ्या, आतली बाजू पांढरी असेल तर बरं, नाहीतर पांढरा कागद चिकटवा, आणि सायलेन्सरच्या तोंडापासून फूटभर अंतरावर चार-पाच सेकंद धरा. ग्लोव्हज घालून. मग उजेडात बघा. कोरडी काजळी बोटाने पुसली जाते. न जळलेल्या डिझेलचे ओले ठिपके कागदात पसरतात आणि वास डोळ्यात झोंबतो. ऑइल असेल तर तेलकट पिवळट डाग, भज्यांच्या कागदासारखा. नुसती वाफ असेल तर पुठ्ठा दमट होतो आणि पाच मिनिटांत वाळतो, मागे काही राहत नाही. माझ्या पुठ्ठ्यावर बारीक बारीक ओले ठिपके होते, नाकाला लावला तर सरळ डिझेल.

पांढरा धूर, आणि यावरच जास्त वेळ घालवायचा

सुरू करतानाच्या धुराच्या तक्रारींत पांढराच जास्त असतो, आणि त्यात महागडं काही निघण्याआधी स्वस्तातल्या चार गोष्टी बघायच्या असतात. मी त्या उलट्या क्रमाने बघितल्या म्हणून पैसे गेले.

पहिली, बॅटरी. रात्रभर फर्नेसचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल, दिवे चालवून सकाळी हाउस बॅटरी अर्धी झालेली असते आणि त्याच बॅटरीकडून आपण ग्लो प्लगही तापवून घेतो आणि स्टार्टरही फिरवून घेतो. स्टार्टर हळू फिरला की कॉम्प्रेशनची उष्णता कमी, त्यात प्लग अर्धवट तापलेला, म्हणजे दोन्हीकडून ओली लाकडं. मल्टीमीटर लावा: काही न चालवता बारा पॉइंट सहाच्या आसपास म्हणजे भरलेली, आणि स्टार्टर फिरताना दहाच्या खाली गेली तर बॅटरी किंवा केबल, दोन्हींपैकी एकाची चौकशी करा. डॅशबोर्डवर बॅटरी बूस्टचं बटण असेल तर ते दाबून गाडीच्या बॅटऱ्या जोडून सुरू करून बघा. धूर एकदम कमी झाला तर उत्तर मिळालं.

दुसरी, तुम्ही प्रीहीट देताय का? हसू नका. काही मशीन टेंपरेचर बघून स्वतःच ठरवतात किती सेकंद तापवायचं, काहींत बटण धरून ठेवावं लागतं. प्रीहीट चालू असताना आवाज काहीच येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं बटण लागलं नाही, ते सोडतात आणि पुन्हा दाबतात, की झालं, प्लग तापायच्या आतच स्टार्टर. मॅन्युअल काढून वाचा. आणि खूप थंडी असेल तर एकदा पूर्ण प्रीहीट, थांबा, पुन्हा पूर्ण प्रीहीट, मग स्टार्ट, असं करून बघा. दोनदा केल्यावर धूर अर्धा झाला तर हीटिंगच कमी पडतंय हे जवळजवळ नक्की.

तिसरी, ग्लो प्लग. माझ्यासारख्या तीन सिलेंडरच्या इंजिनात तिन्ही प्लग एका पत्र्याच्या पट्टीने जोडलेले असतात, ती पट्टी काढल्याशिवाय मोजू नका, कारण जोडलेले असताना एक मेला तरी बाकीचे दोन मीटरला फसवतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पट्टी काढा, मीटर ओहमवर ठेवा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जे रीडिंग येतं ते लिहून घ्या (माझ्या स्वस्तातल्या मीटरच्या वायरी स्वतःच ०.३ दाखवतात), मग प्लगचं टोक आणि इंजिनाची बॉडी. वजा करून एक ओहमच्या आसपास आलं तर ठीक. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे सर्किट ओपन, तर तो प्लग गेला. तीनपैकी एकच गेला तर वर लिहिलेली एका सिलेंडरची ठकठक येते. काढताना घाई नको, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, इंजिन थोडं कोमट असताना सोडवा, आणि अडकतोय असं वाटलं तर मागेपुढे मागेपुढे करा. टोक फुगलेला प्लग जोराने ओढला आणि आत तुटला तर मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं आलं.

मी तिन्ही प्लग नवे टाकले होते. धूर तसाच. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्लग चांगले असून उपयोग काय, त्यांच्यापर्यंत वीज पोचतेय का हे कोणी बघायचं. शेवटी फेब्रुवारीत एका शनिवारी मीटरची काळी पिन इंजिनाच्या बॉडीवर, लाल पिन प्लगच्या पट्टीवर ठेवली आणि मुलीला म्हटलं, बटण धर. आठ पॉइंट चार व्होल्ट. तिकडे बॅटरीवर त्याच वेळी बारा पॉइंट एक. जवळजवळ चार व्होल्ट रस्त्यात कोणीतरी खात होतं.

आता हे कसं शोधायचं ते लक्ष देऊन वाचा, कारण ही टेस्ट फुकट आहे आणि कोणीच करत नाही. मीटर व्होल्टवरच ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, नुसत्या केबलवर नाही, शिश्याच्या पोस्टवर. दुसरी पिन जनरेटरच्या इंजिनाच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. बॅटरी लांब असेल तर मध्ये एक लांब वायर जोडून घ्या. आता प्रीहीट द्या. आदर्श जगात शून्य यायला हवं, पॉइंट दोन-तीन चालतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. माझं तीन पॉइंट दोन आलं. तसंच पॉझिटिव्ह बाजूचं: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी प्लगच्या पट्टीवर. इथे जास्त ड्रॉप, म्हणजे रस्त्यात व्होल्टेजची घट, आला तर रिले, फ्यूज किंवा त्यांचे टर्मिनल.

ट्रे पुढे ओढला, टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. फ्रेमला बोल्टने बसवलेली जाड काळी केबल, वरून एकदम ठणठणीत. हाताने हलवली तर लग गोल फिरला. बोल्ट काढला तर लगच्या खाली हिरवी-पांढरी भुकटी, मिसळणाच्या डब्यात ओलावा गेल्यावर मीठ कसं गोळा होतं तसं, आणि तारांच्या पंधरा-वीस बटांपैकी निम्म्या काळ्या पडलेल्या. जनरेटर नाकाडाखाली असल्यामुळे पुढच्या चाकांचं पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळं तिथेच उडतं. केबल दोन इंच कापली, नवा लग दाबला, फ्रेमवरचा रंग वायर ब्रशने घासून चकचकीत केला, बोल्ट आवळून वरून ग्रीस. पुन्हा मीटर: पट्टीवर अकरा पॉइंट दोन. ऐकायला आठ आणि अकरा फार लांब वाटत नाहीत, पण हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर जाते, व्होल्टेज पाऊण झालं की उष्णता निम्म्याच्या आसपास येते. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर पाच-सहा सेकंद. बस.

चौथी गोष्ट डिझेल लायनीतली हवा. जुन्या गाड्यांत टाकीच्या वरची रबरी नळी कडक होऊन तडकते. त्यातून डिझेल गळत नाही, कारण पंप ओढतो तेव्हा ती हवाच आत घेते, त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि आपण फसतो. २००६ पासून इथे हायवेचं डिझेल अल्ट्रा लो सल्फर झालं, पंधरा पीपीएम, तेव्हा जुन्या इंजिनांतल्या काही रबरी सील आकसून गळायला लागल्या होत्या, जुनी गाडी घेतली असेल तर हेही लक्षात ठेवा. ओनानवाल्यांचा दिवा ३६ नंबरचा कोड मारत असेल, म्हणजे कोणी न सांगता इंजिन थांबलं, तर आधी डिझेलच्या लायनीकडे बघा. आणि त्याआधी टाकी पाव आहे का ते बघा, मी एकदा त्यातही एक दुपार घालवलीय.

यावर सगळ्यात छान टेस्ट म्हणजे कॅन. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये नवीन डिझेल, नवीन नळीचा तुकडा जनरेटरच्या इनलेटला, रिटर्नची नळीपण त्याच कॅनमध्ये, आणि बटण धरून पंपाने प्राइम करून, म्हणजे नळीत डिझेल भरून घेऊन, मग स्टार्ट. कॅनवर नीट चालला तर इंजिन निर्दोष, आरोपी टाकीपासून इनलेटपर्यंतच कुठेतरी. फिल्टर नुकताच बदलला असेल तर लायनीत एअर असणारच, ती नीट काढा, स्टार्टर फिरवून फिरवून काढायचा प्रयत्न नको. एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. न पेटलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साठतं आणि मग एकदाचं सुरू झालं की अख्खा कँपग्राउंड पांढरा.

डिझेलची क्वालिटी हापण एक भाग आहे. अमेरिकेत डिझेलचा सीटेन नंबर किमान ४० चालतो, भारतात बीएस-६ ला आणि युरोपात किमान ५१. सीटेन कमी म्हणजे पेट घ्यायला उशीर, थंडीत तो उशीर धुरात दिसतो. पुण्यात कोणी मेकॅनिक ओळखीचा असेल आणि तो म्हणाला, आमच्याकडे एवढा धूर नाही येत, तर त्याचं हेही एक कारण असू शकतं, शिवाय पुण्यात थंडी ती काय. दुसरं, ह्यूस्टनमध्ये भरलेलं डिझेल घेऊन जानेवारीत कोलोरॅडोला गेलात तर त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. बायोडिझेल जास्त मिसळलेलं असेल तर आणखी लवकर. वॉटर सेपरेटरमधून अर्धा कप डिझेल काचेच्या बरणीत काढा, पंधरा मिनिटं ठेवा. खाली पाणी वेगळं दिसेल, मध्ये काळी बुळबुळीत साय दिसली तर टाकीत जंतू वाढलेत, मग नुसतं फिल्टर बदलून काम होणार नाही.

हे सगळं ठीक असेल आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर सुरूच असेल, त्याला गोडसर वास असेल, कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडचा क्रॅक. इंजिन गार असतानाच कॅप उघडायची, हे सांगायला नको. कूलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्टर ऑटोझोनसारख्या दुकानात डिपॉझिट ठेवून उसना मिळतो, विकत घेऊ नका. हे निघालं तर चालवणं बंद करा आणि मेकॅनिककडे जा, यात घरगुती उपाय नाही.

एक सिलेंडर की सगळे

इन्फ्रारेड थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर प्रत्येक सिलेंडरच्या तोंडाशी रोखा. दोन भराभर तापतायत आणि एक मागे राहिलाय, तर तो एक. त्याचा ग्लो प्लग, मग त्याचा नोजल (इंजेक्टरचं टोक), मग त्याचं कॉम्प्रेशन, या क्रमाने. तिघेही सारखेच मागे असतील तर बॅटरी, अर्थिंग, डिझेल, म्हणजे जे सगळ्यांना कॉमन आहे ते. जुने मिस्त्री प्रेशर पाइपचे नट एकेक सैल करून आवाज ऐकतात, पण तुम्ही करू नका, त्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीच्या आत घुसतं आणि वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. हॉस्पिटलचं काम आहे ते, सर्जरीचं.

काळा

काळा सोपा. डिझेल जास्त, हवा कमी. जनरेटर सुरू करताना दोन्ही एसी, वॉटर हीटर, मायक्रोवेव्ह सगळं आधीपासून ऑन ठेवलेलं असतं, ट्रान्सफर स्विच (जनरेटरची वीज गाडीला जोडणारा) थोडा वेळ थांबून सगळं एकदम अंगावर टाकतो आणि थंड इंजिन काळं ओकतं. सगळं बंद ठेवा, दोन-तीन मिनिटं मोकळा चालू द्या, मग एकेक लावा. एवढं करून काळा असेल तर एअर फिल्टर उघडा. माझ्या एका मित्राच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने इन्सुलेशनचा कापूस आणि कुत्र्याचं खाणं यांचं संपूर्ण घरटं केलं होतं, त्यात वापरलेला टिश्यूपण होता, टू बीएचके म्हणा. पावसातून गाडी चालवल्यावर फिल्टर ओला होऊनही हे होतं. सायलेन्सरचं तोंड स्पीड ब्रेकरवर आपटून चेपलंय का तेही बघा.

उंचीचं विसरू नका. दर हजार फुटांना ताकद साधारण तीनेक टक्के कमी होते. आल्बुकर्की पाच हजार फुटांवर, तिथे आठ किलोवॅटचा जनरेटर पावणेसातचा समजून चाला. कोलोरॅडोत नऊ हजार फुटांवर दोन एसी आणि इंडक्शन एकदम लावून काळा धूर आला म्हणून इंजिनाला शिव्या देऊ नका.

निळा, आणि तो काळा ओला चिकटपणा

निळा म्हणजे ऑइल जळतंय. आधी डिपस्टिक, गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. ऑइल कमी असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील, इंजिन ऑइल खातंय. पण बरेचदा ऑइल जास्त असतं, कोणीतरी बदलताना प्रेमाने अर्धा लिटर जास्त ओतलेलं. आणि जर तुम्ही काही न ओतता पातळी वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर सुरूच करू नका. डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातील ते वेगळंच, इंजिन तेच ऑइल-डिझेल ओढून बंद न होता सुसाट सुटू शकतं, मग बटण दाबून थांबत नाही.

सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, ओलं, डांबरासारखं काहीतरी ठिबकत असेल तर ते बहुधा ऑइलची गळती नाही, त्याला वेट स्टॅकिंग म्हणतात. जनरेटर महिनोन्महिने बंद, आणि चालवला तरी फोन चार्ज करायला आणि कॉफीपुरता. डिझेल इंजिनाला काम नसलं की ते तापत नाही, तापत नाही म्हणून अर्धवट जळतं, ते अर्धवट जळलेलं नोजलवर, रिंगांत आणि सायलेन्सरमध्ये साचतं आणि पुढच्या स्टार्टला धूर म्हणून बाहेर येतं. इलाज म्हणजे काम लावा. दीडेक हजार वॅटचे दोन रूम हीटर, वरून एक एसी, हळूहळू चढवत अर्ध्याच्या वर लोड, दीड-दोन तास. पहिली वीस मिनिटं धूर आणखी वाढतो, घाबरून बंद करू नका, पण उघड्या जागेत करा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा, सायलेन्सरमधला साठा कधी कधी ठिणग्या टाकतो. ओनान स्वतःच सांगते की महिन्यातून दोन तास निम्म्या लोडवर चालवा. लोक पंधरा मिनिटं रिकामा फिरवतात आणि वाटतं व्यायाम झाला, त्याने उलट नुकसान. बंद करताना लोड काढून तीन-चार मिनिटं मोकळा चालवा, मग बंद.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर मेकॅनिक आहेच, नोजल टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट त्यांच्याकडूनच करून घ्यायची. फक्त जाताना हात हलवत जाऊ नका. तो थंड स्टार्टचा व्हिडिओ, पुठ्ठा, प्रीहीट चालू असतानाचं पट्टीवरचं व्होल्टेज, अर्थिंगचा ड्रॉप, कॅनवर चालवून काय झालं, हे एका कागदावर लिहून काउंटरवर ठेवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसतं म्हणालो, सकाळी खूप धूर येतो, आणि काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता टाइप केलं, इंजेक्टर.